लाईट गेली म्हणजे काय गेलं?

आमच्या भागात वीज कधीच जात नाही. जाते ती लाईट. बिल येतं ते लाईटचं, खांब असतो तो लाईटचा, शेताला पाणी द्यायला वाट बघायची ती लाईटची, आणि खोलीत शिरल्यावर भिंत चाचपून लावतो तीही लाईटच. कुणाला शॉक बसला तरी शेजारची म्हातारी विचारते, "लाईटनं धरलं का काय?" एवढ्या सगळ्या गोष्टींना एकच शब्द पुरतो आणि त्यावाचून कुणाचं अडलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. माझंही अडलं नव्हतं. रेणापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मी वाढले, बारावीत असताना आमच्या वस्तीतल्या विहाराचं वायरिंग मी केलं, आणि गेली बरीच वर्षं लातूरच्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पोरांना शिकवते.

माझा आवाज मोठा आहे. वर्कशॉपमध्ये दोन मोटारी चालू असल्या तरी तो मागच्या बाकापर्यंत पोचतो. पोरं माझ्या माघारी मला भोंगा म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. या धंद्यात वेळेवर ओरडता येणं हे पक्कड धरता येण्याइतकंच महत्त्वाचं आहे असं माझं मत होतं. मग माझ्या वर्गात ती पोरगी आली.

ती नायगावकडची. जन्मापासून ऐकू येत नाही. गावातल्या साध्या शाळेत शेवटच्या बाकावर बसून, फळ्यावरचं उतरवून घेत दहावी झालेली. लातूरला मामाच्या घरी राहायची सोय होती म्हणून इथं अर्ज केलेला. प्रवेशाच्या दिवशी आई सोबत होती. आमच्या प्राचार्य सरांनी फार मायेनं समजावून सांगितलं, की ताई, शिवणकामाचा ट्रेड आहे, बसून काम, धोका नाही, पुढं घरी मशीन टाकता येईल. आईनं हातवारे करून लेकीला सांगितलं. लेकीनं मान हलवली, टेबलावर पालथा तळहात ठेवला आणि तो थरथरवून दाखवला.

"मोटर म्हनती ती," आई म्हणाली. "आमच्या घराच्या भिंतीला लागून पिठाची गिरन हाय. ल्हानपनापासून ह्या बाईचा हात त्या भिंतीवर. गिरन चालू हाय का बंद, आमाला कानानं कळायच्या आधी हिला हातानं कळतंय. तिला लाईटचंच काम शिकायचंय सर. लई डोकं खाल्लं माझं."

 सर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. "उद्या काही झालं, तर या माउलीला मी काय तोंड दाखवू?" असं ते मला नंतर केबिनमध्ये म्हणाले. प्रवेश त्यांनी दिला, पण अट घातली. वर्कशॉपमध्ये पोरीसोबत घरचं माणूस बसलं पाहिजे. आणि चालू सप्लायवर तिनं काम करायचं नाही. मी माझ्या तोंडानं 'ही एकटी काम करू शकते' असं सांगेपर्यंत हे दोन्ही पाळायचं, आणि तिला मेलेल्या बोर्डावरच शिकवायचं. मेलेला बोर्ड म्हणजे ज्याला सप्लाय जोडलेलाच नाही असा. अडचण एवढीच, की मेलेल्या बोर्डावर इलेक्ट्रिशियन होता येत नाही. परीक्षेतली मोटार खरोखरच फिरावी लागते.

अशी ती मायलेकींची जोडी रोज सकाळी येऊ लागली. पोरगी निळ्या ॲप्रनमध्ये आत, आणि आई दाराजवळच्या बाकावर, डबा मांडीवर घेऊन. मी काही सांगितलं की आई ते हातानं लेकीला सांगायची. तिची भाषा तिचीच होती, घरात घडलेली. डोक्यावर पदर घेतल्याची खूण केली की आजी, मिशीवर बोट फिरवलं की मामा, आणि डोक्याच्या वर पाची बोटं मिटून फुलासारखी उघडली की लाईट.

मी पहिल्या महिन्यातच हात टेकले. पुस्तकातली भाषा आमच्या ऐकणाऱ्या पोरांनाही झेपत नाही. 'कार्य आरंभ करण्यापूर्वी विद्युत पुरवठा खंडित असल्याची खातरजमा करावी' हे वाक्य मी ज्याच्या ज्याच्यापुढं ठेवलं त्यानं आधी जांभई दिली. ह्या पोरीचं तर मराठी वाचन कच्चं. जी भाषा कधी कानावर पडलीच नाही ती कागदावर तिला कशी ओळखीची वाटणार? खंडित, खातरजमा, आरंभ, सगळं तिला सारखंच.

मग मी कार्डं करायला बसले. घरी जेवणं झाली की ओट्यावरच पसारा मांडायचा. जाड पुठ्ठ्याचे तुकडे, एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला दोन ओळी. फोटोत माझेच हात, कारण दुसऱ्या कुणाचे हात त्या वेळी मिळणार होते? नवरा फोटो काढायचा आणि म्हणायचा, नखं तरी काप. ओळी मात्र मी अगदी आपण बोलतो तशा लिहिल्या. 'आधी मेन पाड.' 'लाल तार इथं लाव.' आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणून पिवळ्या पट्टीचं कार्ड केलं: 'लाईट बंद आहे का बघ. मगच हात लाव.'

मला त्या कार्डांचा केवढा गर्व झाला होता! खिळ्यावर ओळीनं टांगली, कामानुसार रंगीत पट्ट्या लावल्या. ऐकणारी पोरंही गुपचूप तीच बघू लागली. मी सगळ्यांचे फोटो काढून आम्हा शिकवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले आणि नांदेडपासून उदगीरपर्यंतच्या लोकांनी अंगठे पाठवले. पोरगी कार्ड वाचायची, काम करायची, मान डोलवायची. दिवाळीनंतर मी मनाशी ठरवलं, की सरांची अट थोडी वाकवून आता माझ्या समोर, माझ्या हाताच्या अंतरावर, एकदा चालू बोर्ड देऊन बघू.

साधाच बोर्ड होता. एक स्विच, एक होल्डर, एक बल्ब. जोडणीतला दोष शोधायचा होता. तो बोर्ड आदल्या दिवशी एका पोरानं जोडला होता आणि त्यानं नेहमीची चूक केली होती: स्विच फेजच्या तारेवर घालायचा तो न्यूट्रलवर घातला होता. अशा बोर्डात स्विच बंद केला की बल्ब विझतो, पण होल्डरपर्यंत फेज येऊन बसलेला असतो. हात लावला की धरतो. मला हे ठाऊक होतं, म्हणूनच मी तो निवडला होता. तिनं टेस्टर लावून बघावं, पेटलेला दिसावा आणि तिला धडा कळावा असा माझा बेत.

तिनं खिळ्यावरून पिवळं कार्ड काढलं. वाचलं. स्विच बंद करून बल्बकडे पाहिलं. बल्ब बंद. मग वर छताच्या ट्यूबकडे पाहिलं, दिवसा ती आम्ही लावत नाही, तीही बंद. माझ्याकडे बघून समाधानानं मान डोलावली आणि उघडी बोटं होल्डरच्या स्क्रूकडे नेली.

"थांब!" मी ओरडले.

सगळं वर्कशॉप थांबलं. एकाच्या हातातली पक्कड खाली पडली, कोपऱ्यातला एक जण तर स्टुलावरून उतरून उभा राहिला. थांबली नाही ती एकटीच. आयुष्यभर ज्या आवाजावर मी विसंबले तो तिच्या पाठीवरून वाऱ्यासारखा निघून गेला. मी तिच्या कोपराला खालून हाताचा फटका मारला आणि तिचा हात उडवला.

ती चिडली. भयंकर चिडली. कोपर चोळत तिनं कार्ड माझ्या नाकासमोर धरलं, 'लाईट बंद' या दोन शब्दांवर बोट आपटलं, मग बल्बकडे बोट केलं. बंद आहे की नाही? मी कार्ड पुन्हा वाचलं. कार्डात जे लिहिलं होतं ते तिनं अक्षरशः केलं होतं.

आई एव्हाना बाकावरून धावत आली होती. मी तिला विचारलं, "ताई, तुमी हिला लाईट कशी सांगता?"

तिनं डोक्यावर बोटं उघडून दाखवली.

"अन तारेतला करंट?"

तीच खूण.

"पंखा बंद पडला तर? मोटर बंद पडली तर?"

बोटं पुन्हा डोक्यावर गेली, आणि अर्ध्यातच थांबली. माझा चेहरा तिला वाचता येत होता. "म्हंजी," ती म्हणाली, "म्याच हिला खोटं शिकविलं?"

"न्हाई वो ताई. आपन समदेच तसं बोलतो. कार्ड तर म्याच लिवलं." माझी बोली अशा वेळी आपोआप रेणापूरला जाते.

पण तिला ते पटलं नाही. लेकीला ती एकेक खूण करत जग सांगत आली होती. शाळेतल्या मास्तरांनी नाही सांगितलं, गावानं तर 'मुकी' म्हणून विषयच संपवला होता. तिनं हातानं जे काही दिलं तेवढंच लेकीजवळ होतं, आणि आज त्यातलाच एक तुकडा पोरीच्या जिवावर उठला होता. दुपारी तिनं डबा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि तो बोर्ड जोडणाऱ्या पोराला मी स्विच न्यूट्रलवर घातल्याबद्दल नको तितकं झापलं.

नांदेडला कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत शिकवणारे सर आहेत असं मला कुणीतरी सांगितलं होतं. त्यांना स्वतःलाही ऐकू येत नाही. मेसेज करून वेळ मागितली आणि एका रविवारी आम्ही तिघी लातूरहून बसनं निघालो. सरांचं घर विष्णुपुरीच्या बाजूला, धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला, सरांनी माझी सगळी कार्डं सतरंजीवर पत्त्यांसारखी मांडली आणि एकेक वाचत गेले. मग फोनवर टाइप करून माझ्यासमोर धरलं: 'ही कार्डं ऐकणाऱ्या माणसानं लिहिली आहेत.'

माझं डोकं फिरलं. रात्री जागून केलेली कार्डं! मी टाइप केलं: 'मग कुणी लिहायला हवी होती?'

त्यांनी पोरीकडे बोट केलं. पुढं लिहिलं: 'तुम्ही लाईट म्हणता तेव्हा समोरचा माणूस तुमच्या आवाजावरून, वेळेवरून ओळखतो की कोणती लाईट. कार्डाला आवाज नसतो. एका शब्दाला एकच काम द्या.'

मला राग यायचा तो आला, आणि चहा संपेपर्यंत गेला. कारण बरोबर होतं ते.

मग ते आणि पोरगी बोलू लागले. तिला खुणांची भाषा थोडीफार येत होती, मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकलेली, हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. दोघांचे हात असे चालले की आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो. पोरगी हसत होती, मध्येच भुवया उंचावून भांडत होती, गिरणीची भिंत सांगत होती. वर्कशॉपात खाली मान घालून काम करणारी हीच का ती, असं मला वाटलं.

"मला ठावंच न्हवतं," आई हळूच म्हणाली. "ही इतकं बोलती म्हून."

तिच्या आवाजात आनंद होता आणि दुसरंही काही होतं. मी तिच्या हातावर हात ठेवला. ती म्हणाली, "आपल्या लेकीच्या घरी आपनच पावनं."

दिव्यासाठी सरांनी आईचीच खूण राहू दिली. बोटं डोक्यावर उघडली की दिवा, आणि फक्त दिवा. त्यांनी ती स्वतः करून आईला दाखवली आणि अंगठा वर केला. आईनं पदर सावरला. तारेतल्या सप्लायसाठी मात्र नवी खूण बसवावी लागली, आणि ती पोरीनंच बसवली. डावा हात आडवा धरायचा, तो म्हणजे तार. उजव्या हाताची दोन बोटं कोपरापासून मनगटाकडे न्यायची. थरथरत नेली तर तार जिवंत. सपाट, शांत नेली तर मेलेली. आणि मनगटाशी दोन बोटं थांबवून डोळ्याकडे नेली तर टेस्टरनं बघ. आपल्या मनानं ठरवू नको, बघ.

परतीच्या बसमध्ये लोहा मागं पडलं, पोरगी खिडकीला डोकं टेकून झोपली. आई पदराखाली आपल्याच हातावर बोटं चालवत होती. थरथर, सपाट, थरथर, सपाट. मीही करून बघत होते तर तिनं माझी बोटं धरून नीट केली. "असं न्हाई मॅडम. तुमची थरथर लई मोठी व्हायली."

त्यानंतर कार्डं नव्यानं झाली. या वेळी पोरगी पसाऱ्यात माझ्यासमोर बसायची आणि प्रत्येक ओळ आधी ती वाचायची. तिला जे दोन प्रकारे कळेल ते खोडायचं, असा नियम. 'दिवा' म्हणजे दिवा, 'सप्लाय' म्हणजे सप्लाय, आणि लाईट हा शब्द सगळ्या कार्डांतून हद्दपार. पिवळं कार्ड आता असं झालं: 'दिवा बघू नको. टेस्टर लाव. प्रत्येक तारेला लाव.' फोटोतले हातही तिचेच. नखं आधीच कापलेली.

जुन्या कार्डांनी मात्र माझ्या नाकीनऊ आणले. वर्कशॉपातली मी जाळली, पण ग्रुपवर गेलेली कशी परत आणणार? लोकांनी ती पुढं पाठवली होती, झेरॉक्स काढून भिंतीला चिकटवली होती. मी एकेकाला फोन लावत बसले, की ते पिवळं कार्ड काढा, चुकीचं आहे. नांदेडच्या बाजूच्या एका आयटीआयमधले सर म्हणाले, "मॅडम, आमच्या पोरांना ऐकू येतंय. त्यांना कळतंय लाईट म्हणजे काय." मी म्हटलं, एकदा बिघडलेला बोर्ड देऊन बघा. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. पोरांनी कार्ड वाचून बल्बकडेच पाहिलं होतं, आणि एकानं तर छताकडे. "काढलं बरं का कार्ड," एवढंच बोलून त्यांनी नवीन कार्डांचे फोटो मागितले.

हिवाळा सरत आला तेव्हा आईचा जीव दोन्हीकडे ओढायला लागला. नायगावला मोठ्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि तिच्या सासरी करणारं कुणी नव्हतं. आईला जाणं भाग होतं. आणि आई गेली की प्राचार्य सरांच्या अटीप्रमाणे पोरीचं वर्कशॉप बंद. मामा-मामी दोघंही दिवसभर कामावर, बाकावर बसायला दुसरं घरचं माणूस नव्हतं. मध्येच सुटलं तर वर्ष गेलं, आणि एकदा गावी परत गेलेली पोरगी पुन्हा लातूर बघेल असं आम्हा तिघींपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

सगळं माझ्या एका वाक्यावर अडलं होतं. 'ही एकटी काम करू शकते.' आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं. चालू बोर्डावर ती आता माझ्यासमोर रोज काम करत होती, एकदाही चुकली नव्हती, तरी मी हाताच्या अंतरावरून हलत नव्हते. मला भीती वाटायची. तो होल्डरकडे गेलेला हात मला स्वप्नात दिसायचा. आई काही म्हणायची नाही, फक्त दुपारी डबा बंद करताना माझ्याकडे बघायची. पोरगी मात्र सरळ विचारायची. माझ्या तोंडाकडे बोट, मग प्राचार्यांच्या केबिनकडे बोट. कधी सांगणार? मी म्हणायचे, सांगते.

त्या दिवशी मोटारीच्या स्टार्टरचं काम चाललं होतं. मी पेटी उघडून आतलं दाखवत होते. मोटार बंद होती, पण पेटीत वरून येणाऱ्या तीन तारांना सप्लाय होता, थ्री फेज, म्हणजे प्रत्येक तारेत वेगळा. त्यातल्या मधल्या तारेचा स्क्रू सैल झालेला मला दिसला. एवढ्यात पंखे मंदावले, कोपऱ्यात दिवसाही लागणारी ट्यूब विझली, ग्राइंडर बसला. पोरांनी नेहमीसारखा ओऽऽ असा गलका केला.

"लाईट गेली," मी म्हटलं. "बरं झालं, तेवढ्यात हा स्क्रू आवळून घेते." आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायचाही कंटाळा करून, तार किती सैल आहे ते बघायला बोट पुढं केलं.

माझं मनगट कुणीतरी धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. ती होती. माझ्या तोंडाकडे न बघता तिनं माझा हात बाजूला नेला, मुलाला बाजूला करावं तसा, आणि खिशातून टेस्टर काढला. पहिल्या तारेला लावला. पेटला नाही. मी मोकळा श्वास घेतला आणि तिला हातानं सांगितलं, बघ, मेलेली आहे. तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. मधल्या तारेला लावला.

टेस्टर लालभडक पेटला. तिसऱ्यालाही पेटला.

तिन्हींपैकी एकच फेज गेला होता. आमच्याकडं आठवड्यातून एकदा तरी जातो, ही गोष्ट मी वर्षानुवर्षं पोरांना घसा फोडून सांगते. आमचे पंखे, ट्यूब, ग्राइंडर त्या एका फेजवर होते म्हणून सगळं बंद दिसलं. ज्या तारेकडे माझं बोट चाललं होतं ती जिवंत होती.  मी स्टुलावर बसले.

पोरगी माझ्यासमोर आली. डोक्यावर बोटं मिटली: दिवा गेला. मग डावा हात आडवा आणि त्यावरून दोन बोटं थरथरत: सप्लाय आहे. मग डोळ्याकडे: बघायचं. रागानं नाही, मला समजलंय ना याची खात्री करून घेत, अगदी सावकाश. मी मान डोलावली. तिनं जाऊन मेन स्विच पाडला, तिन्ही तारांना पुन्हा टेस्टर लावला आणि स्क्रू आवळला.

आई बाकावरच होती. तिनं सगळं पाहिलं होतं आणि ती जागची उठली नव्हती.

मी तशीच केबिनमध्ये गेले. "सर, ती एकटी काम करू शकते."

"आज एकदम?" सरांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. बोट कुठं चाललं होतं तेही. लपवून काय करणार, पोरांनी जेवणाच्या सुट्टीतच सगळीकडं केलं असतं. सर म्हणाले, "मग त्या बाकावर आता तुमच्या घरचं माणूस बसवावं लागेल."

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही आलं, आणि सरांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

आई निघाली त्या दिवशी सकाळीच पिशवी घेऊन लेकीसोबत आली. फाटकाजवळ दोघींचे हात बराच वेळ चालले. काय बोलल्या ते मी पाहिलं नाही, मुद्दामच. मग पोरगी आत गेली, ॲप्रन चढवलं आणि चालू बोर्डासमोर दाराकडं पाठ करून उभी राहिली. मी मोठ्या कष्टानं तिच्यापासून चार बाकं लांब थांबले.

आई गेली असेल असं मला वाटलं होतं. ती दारात उभी होती. बाक रिकामा होता, त्यावर ती बसली नाही. लेकीच्या पाठीकडं बघत होती. लेक वाकून टेस्टर लावत होती, एकेका तारेला, घाई न करता.

"बोलावू का तिला?" मी विचारलं.

"नगं. काम करायली ती."

पिशवी तिनं या हातातून त्या हातात घेतली. आणि मग, जिच्याशी ती आजवर फक्त हातानं बोलत आली होती, तिला तिनं तोंडानं, नेहमीच्या आवाजात सांगितलं, "येते गं माय."

पोरीनं अर्थातच वळून पाहिलं नाही. आमच्याकडं निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं, आणि आतून कुणीतरी उत्तर दिल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय पडत नाही. आई थांबून राहिली होती. सवयीनंच थांबली असेल.

मी दारापाशी गेले आणि तिच्या लेकीच्या वतीनं म्हणाले, "या."